रिकामी पिशवीही मोजायची

हर्णै बंदरावर संध्याकाळी लिलाव आटोपला की टोपल्या मांडून बसलेल्या मावश्यांपुढे मी नेहमी गोंधळतो. बांगडा, सुरमई, पापलेट, कोळंबी. यातलं काय काय न्यावं? निवडी बोटांवर मोजायला गेलं, की जोड्या-तिकड्यांत एखादी हमखास सुटते.

रिकर्सन, म्हणजे प्रोग्रॅममधल्या फंक्शनने (एक काम करणाऱ्या तुकड्याने) स्वतःलाच पुन्हा बोलावणं, हा हिशेब आळशी माणसासारखा करतं. ते फक्त बांगड्याकडे बघतं. उरलेल्या तिघांच्या सगळ्या निवडींची यादी कुणीतरी आयती आणून दिली, असं धरायचं. एक निवड म्हणजे एक पिशवी. यादीची एक प्रत तशीच ठेवायची, दुसरीतल्या प्रत्येक पिशवीत बांगडा टाकायचा. झालं! ते ‘कुणीतरी’ म्हणजे तेच फंक्शन, आता तीन माशांसाठी बोलावलेलं. मग दोन, एक, शेवटी शून्य.

शून्याशी खरी गंमत आहे. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. समजा, बाजारात एकही मासा नाही. तरी एक निवड उरतेच: रिकामी पिशवी घेऊन घरी जाणं. (घरात सुकट असतेच म्हणा.) शाळेतला रिक्त संच तो हाच. नवशिके इथे घसरतात. मासेच नाहीत, म्हणून फंक्शन कोरी यादी परत देतं. पण एक रिकामी पिशवी असलेली यादी वेगळी आणि कोरी यादी वेगळी. पहिलीपासून 1, 2, 4, 8, 16 असं दुप्पट होत जातं. शून्य कितीही वेळा दुप्पट करा, शून्यच. संगणक त्यावर कुरकुरतही नाही.

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (1150) सहा रसांची मिश्रणं किती, असं विचारलंय. 6, 15, 20, 15, 6, 1 मिळून उत्तर 63. एकही रस नसलेला पदार्थ त्यांनी धरला नाही. आपलं फंक्शन 64 सांगेल.

दुसऱ्या एका चुकीपायी माझी अख्खी संध्याकाळ गेली. पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, आयती यादी न मागता, मी एकच पिशवी सगळीकडे फिरवली: मासा टाकायचा, पुढे जायचं, परतताना काढायचा. यादीत मात्र पिशवीची नक्कल न ठेवता तीच पिशवी ठेवत गेलो. छापून बघतो तर सोळाच्या सोळा रिकाम्या!

वीस जातींचे मासे असले तर निवडी 10,48,576. तीस असले तर शंभर कोटींच्या वर. या एकाच पिशवीच्या पद्धतीत फंक्शन एका वेळी तीसच पायऱ्या खाली उतरतं, पण तळाला इतक्या वेळा जाऊन यावं लागतं, की तोवर मासळी नासेल.