पंखा, एसी आणि तुमचा स्मोक डिटेक्टर

डिटेक्टर बसवायला आलो की बहुतेक घरांतून एकच आग्रह होतो : "पंख्याच्या शेजारीच लावा, वायरिंग आयतं आहे." नाही म्हटलं की लोक थोडे खट्टू होतात. आम्ही का अडून बसतो, ते सांगण्यासाठी हे पत्रक.

घरगुती डिटेक्टरमध्ये एक अंधारी पोकळी असते आणि तिच्यात प्रकाशाचा बारीक झोत. धुराचे कण आत शिरले की प्रकाश विखुरतो, सेन्सरवर पडतो, भोंगा वाजतो. धूर आत शिरलाच नाही तर उत्तम डिटेक्टरही गप्प राहतो. आणि धूर कुठे जाणार, ते खोलीतली हवा ठरवते.

भडकलेल्या आगीचा गरम धूर सरळ छताला भिडून पसरतो. पण गादी धुमसत असते, वायरचं आवरण हळूहळू जळत असतं, तेव्हा धुराला तेवढा जोर नसतो. जोरात फिरणारा पंखा त्याला खोलीभर पांगवून विरळ करतो. एसीचा झोत तर धूर डिटेक्टरपासून दूर लोटतो, वर धूळ आणून आत भरतो. मग मध्यरात्री विनाकारण भोंगा वाजतो. म्हणून पंख्याच्या पात्याच्या टोकापासून आणि एसीच्या हवेच्या तोंडापासून किमान 3 फूट अंतर आम्ही सोडतोच. आगीची सूचना देणाऱ्या यंत्रणांसाठीच्या अमेरिकेच्या एनएफपीए 72 या मानकातही 36 इंचच सांगितले आहेत.

सर्वांत वरच्या मजल्यावर राहत असाल तर एप्रिल-मेचा विचार करा. गच्चीचा स्लॅब तापला की छताखाली गरम हवेचा थर साचतो आणि धुमसत्या आगीचा धूर त्याच्या खालीच अडकू शकतो. अशा खोलीत आम्ही डिटेक्टर छताऐवजी आतल्या भिंतीवर, छतापासून फूटभराच्या आत सुचवतो.

एसी लावून दार बंद करून झोपत असाल तर हॉलमधल्या डिटेक्टरवर विसंबू नका. बेडरूमचा धूर दाराआड अडतो. प्रत्येक बेडरूमला स्वतःचा हवाच. स्वयंपाकघरात मात्र फोडणीमुळे स्मोक डिटेक्टर टिकत नाही, तिथे धुराऐवजी उष्णता ओळखणारा हीट डिटेक्टर लावा.

घरच्या घरी हवा पाहायची असेल तर जळमटं काढायच्या काठीला अगरबत्ती बांधा, एसी चालू ठेवा आणि ती डिटेक्टरजवळ धरा. पंखा फिरत असताना स्टुलावर चढू नका. धुराची रेघ डिटेक्टरपासून लांब पळत असेल तर जागा चुकली आहे.

नवा एसी घेतला, पंखा हलवला किंवा फॉल्स सीलिंग केलं, तर कळवा. जागा पुन्हा तपासायला आम्ही येतो, त्याचे पैसे घेत नाही.