एकाच पातेल्यात बांगडा आणि भाज्या

या कृतीसाठीच्या मासळीच्या पाकिटात साफ केलेले 4 मध्यम बांगडे आहेत, प्रत्येकाच्या तीन तुकड्या. भाज्या धरून चार माणसांचं जेवण होतं, सोबत भाकरी किंवा भात. बांगड्याला स्वतःचं तेल भरपूर असतं (ओमेगा-3 म्हणतात ते त्यातच), म्हणून तळण्याची गरज नाही. सगळ्याला मिळून दीड मोठा चमचा तेल पुरतं.

पाकीट घरी आलं की आधी फ्रिजमध्ये ठेवा. बांगडा, सुरमई, कुपा ही मासळी उकाड्यात राहिली की तिच्यात हिस्टामिन (अॅलर्जीसारखा त्रास देणारं रसायन) तयार होतं, आणि एकदा झालेलं हिस्टामिन कितीही शिजवलं तरी जात नाही. खाताना जीभ चुरचुरली तर ताट बाजूला सारा. आणलेला बांगडा त्याच दिवशी करावा.

लागेल ते
शेवग्याच्या 2 शेंगा, 1 बटाटा (अर्ध्या इंचाच्या फोडी), 4 लहान वांगी, 2 कांदे, 6 पाकळ्या लसूण, 2 चहाचे चमचे मालवणी मसाला, अर्धा चमचा हळद, 5-6 आमसुलं, 7-8 तिरफळं, मीठ. पातेलं पसरट हवं, तुकड्या एका थरात मावतील एवढं. स्टीलचं किंवा मातीचं घ्या. बिनकल्हईचं पितळ आणि अॅल्युमिनियम नको, आमसुलाची आंबटाई त्याला लागते.

कृती
तुकड्यांना हळद-मीठ लावून 15 मिनिटं चाळणीत ठेवा आणि सुटलेलं पाणी फेकून द्या. रस्सा हिवस वास मारतो तो बहुधा या पाण्याचा.

तेलात ठेचलेला लसूण, मग कांदा मऊ होईपर्यंत परता. मसाला घालून अर्धा मिनिट, लगेच बटाटा, शेंगा, मीठ आणि पाऊण वाटी पाणी. झाकण ठेवून मंद आचेवर 10 मिनिटं. मग वांगी, आणखी 5 मिनिटं. बटाट्यात सुरी सहज शिरली पाहिजे. आमसुलं त्यानंतरच घालायची. आंबट आधी पडलं तर बटाटा टणक राहतो, तो मऊ करण्याच्या नादात मासळीचा भुगा होतो. सगळ्यात जास्त तक्रारी याच चुकीच्या येतात.

तिरफळं किंचित ठेचा, आतली काळी बी फेकून द्या आणि तिरफळं पातेल्यात घाला. मिक्सरला लावू नका, कडवट होतं. आता भाज्यांवर तुकड्या मांडा, वरून चमच्याने रस सोडा, झाकण. 6 ते 7 मिनिटं. डाव घालायचा नाही, पातेल्याचे कान धरून एकदा गोल हलवा. काट्याजवळचं मांस पांढरं दिसून अलगद सुटलं की गॅस बंद. 10 मिनिटं झाकून ठेवलं की रस अंगासरशी होतो.

बांगडा नसेल तेव्हा
सुरमईची पाऊण इंची तुकडी 7-8 मिनिटं घेते, पापलेट 5. बोंबील यात नको, इतकं पाणी सुटतं की भाज्या पोहायला लागतात. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, त्या दिवसांत बर्फातला बांगडा मिळेल. तो आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात काढून ठेवा, गरम पाण्यात टाकू नका.

वाढताना मुलांच्या ताटातली तिरफळं वेचून काढा. ती वासापुरती असतात, चावली तर जीभ बधिर होते.