अत्यवस्थ कर्करुग्णांवरील वैद्यकीय चाचण्या

कर्करोगामुळे, त्यावरील उपचारांमुळे किंवा त्या काळात झालेल्या संसर्गामुळे एखादे महत्त्वाचे इंद्रिय निकामी होऊ लागून अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या रुग्णांवरील उपचारांच्या तुलनात्मक चाचण्या. हे रुग्ण दोन्हीकडून गाळले जातात. कर्करोगावरील औषधांच्या चाचण्यांत बहुधा हिंडतेफिरते आणि यकृत व मूत्रपिंडे सुस्थितीत असलेले रुग्ण घेतात, तर अतिदक्षतेतील अनेक चाचण्या आयुष्य थोडे उरले असल्याच्या कारणावरून कर्करुग्णांना वगळतात.

पहिली अडचण मोजमापाची आहे. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या मूळ ‘सोफा’ गुणपद्धतीत (इंद्रिये कितपत निकामी झाली हे गुणांत मोजणाऱ्या पद्धतीत) प्लेटलेट दर मायक्रोलिटरला 20,000 पेक्षा कमी असल्यास 4 गुण धरले जातात. मात्र केमोथेरपीनंतर सेप्सिस (संसर्गामुळे इंद्रिये निकामी होणे) नसतानाही प्लेटलेट इतक्या घटू शकतात. त्यामुळे दाखल होण्यापूर्वीची पातळी ठाऊक नसेल, तर गुणसंख्येतील वाढ संसर्गाची की औषधाची हे ठरत नाही.

मास्कद्वारे दाब देऊन केलेल्या श्वसनसाहाय्याविषयी विशेष मतभेद आहेत. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या, प्रतिकारशक्ती घटलेल्या 52 रुग्णांच्या फ्रेंच चाचणीत या उपायाने श्वासनलिकेत नळी घालण्याची गरज आणि मृत्यू दोन्ही कमी झालेले दिसले. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या, फ्रान्स व बेल्जियममधील 374 रुग्णांच्या चाचणीत मात्र 28 दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण हा उपाय केलेल्या गटात 24.1 आणि केवळ प्राणवायू दिलेल्या तुलना गटात 27.3 टक्के आढळले. हा फरक सांख्यिकीय दृष्ट्या अर्थपूर्ण ठरला नाही. तुलना गटातील मृत्यू अपेक्षेपेक्षा कमी झाल्याने चाचणीची फरक टिपण्याची क्षमता उणावली, असा आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. तरीही मधल्या काळात नेहमीचे उपचारच सुधारले, हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते. दोन्ही चाचण्यांत कर्करोग नसलेले रुग्णही होते. शिवाय रक्ताच्या कर्करोगाचे आणि घन अर्बुदांचे (अवयवांतील गाठींच्या कर्करोगाचे) रुग्ण एकत्र मोजल्यावर सरासरीतून कोणत्या गटाविषयी अनुमान काढावे, हा प्रश्न उरतोच.

निष्पत्ती कोणती मोजावी, याचाही निर्णय सोपा नाही. 28 दिवसांतील मृत्यू मोजायला सोयीचा असला, तरी त्यात आजाराने झालेला मृत्यू आणि उपचार मर्यादित करण्याच्या निर्णयानंतरचा मृत्यू एकाच रकान्यात जातात. असे निर्णय रुग्णालयागणिक वेगळे असतात. उलटपक्षी, पुढील केमोथेरपी सोसण्याइतकी ताकद परत आली का, हे मोजायचे तर महिनोन्‌महिने पाठपुरावा लागतो आणि तोवर काही रुग्ण मूळ कर्करोगानेच दगावलेले असतात.

शुद्ध हरपलेल्या रुग्णाच्या वतीने नातेवाइकांची संमती घेतली जाते. काही देशांत, तातडीच्या उपचारांपुरती, ती नंतर घेण्याची मुभा आहे.