केमोची सुई जळत असेल तर गप्प बसू नका
"लाल औषध आहे ना, मग जळणारच, दातओठ खाऊन सहन करायचं" हे मी कोथरूडमध्ये कितीतरी जणांकडून ऐकलंय, आणि माझी मावशी तेच ऐकून पहिल्या केमोला पदर मुठीत आवळून पडून राहिली, शेवटी नर्सचं लक्ष गेलं तेव्हा सुईच्या वर हात टम्म फुगलेला. साफ चुकीचं आहे हो हे!

ते लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन. शिरेतून जातंय तोवर ठीक, पण शिरेबाहेर झिरपलं की आजूबाजूची कातडी आणि आतलं मांस मरायला लागतं, आणि जखम कधीकधी काही दिवसांनी दिसते म्हणून आधी कुणाला गांभीर्यच वाटत नाही. आग, दुखणं, सूज, लाली काहीही वाटलं की तिथल्या तिथे हाक मारा. ते औषध बंद करतात, सुई लगेच न काढता त्यातूनच जमेल तेवढं मागे ओढून घेतात. मनाने शेक नको, डॉक्सोरुबिसिनला गार शेक देतात आणि विनक्रिस्टिन या दुसऱ्या केमोच्या औषधाला गरम, त्यामुळे डॉक्टरांनाच विचारा. शिरा सापडतच नसतील तर पोर्टबद्दलही बोला, म्हणजे कातडीखाली बसवलेली छोटी डबी, जिच्यातून औषध थेट मोठ्या शिरेत जातं.

नंतर एकदोन दिवस लघवी लालसर होते, तो औषधाचा रंग, रक्त नाही, मावशी त्यानेही रडली होती. पण ताप 100.4 फॅरनहाइट झाला तर रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटलला फोन करा, क्रोसिन देऊन सकाळची वाट बघू नका.