ओळखीपासून ग्राहकापर्यंत : व्यावसायिक नेटवर्किंग संकेतस्थळांची पार्श्वभूमी

कंपन्यांना माल किंवा सेवा विकणाऱ्याची अडचण किरकोळ विक्रेत्याच्या अडचणीपेक्षा वेगळी असते. त्याचा ग्राहक कागदोपत्री एक कंपनी असली, तरी खरेदीचा निर्णय तिच्यातली दोन-चार माणसे घेतात आणि ती माणसे बदलत राहतात. खरेदी विभागाच्या प्रमुखाने नोकरी सोडली, की वर्षानुवर्षे जपलेला संबंध एका दिवसात तुटू शकतो. विसाव्या शतकाच्या मध्याला रोलोडेक्स हे फिरते कार्डचक्र कचेऱ्यांच्या टेबलांवर आले आणि नाव चटकन सापडू लागले. पण कार्डावरचा हुद्दा शिळा झाला आहे, हे ते चक्र कधीच सांगू शकत नसे. लिंक्डइनसारख्या व्यावसायिक नेटवर्किंग संकेतस्थळांचा इतिहास बहुधा ग्राहक शोधण्याचा इतिहास म्हणून सांगितला जातो. माझ्या मते त्यांनी घडवलेला मोठा बदल ग्राहक टिकवण्याच्या बाजूचा आहे, आणि तो बराचसा नकळत झालेला आहे.

ओळखीतून धंदा मिळवण्याची संघटित पद्धत संगणकापेक्षा जुनी आहे. १९०५ मध्ये शिकागोत रोटरी क्लबची स्थापना झाली, तेव्हा एका व्यवसायाचा एकच सदस्य घ्यायचा असा दंडक होता आणि सदस्यांनी एकमेकांना काम द्यावे ही अपेक्षाही उघड होती. सेवाकार्याचे महत्त्व नंतर वाढले. १९८५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या बीएनआय या व्यावसायिकांच्या मंडळाने हाच दंडक पुन्हा वापरला. या मंडळांची मर्यादा अशी, की ओळख सभागृहात हजर असलेल्यांपुरतीच राही. या मर्यादेपलीकडे का जावे, याचे उत्तर समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७३ च्या निबंधात सापडते. परिचितांमार्फत नोकरी मिळवलेल्या ज्या ५४ जणांची माहिती त्यांनी दिली, त्यांपैकी केवळ १६.७ टक्के लोकांची त्या परिचिताशी वारंवार गाठ पडत असे. जवळच्या माणसांना आपल्याला ठाऊक असते तेच ठाऊक असते. नवी बातमी आणतो तो कधीमधी भेटणारा माणूस. निष्कर्ष नोकरीविषयीचा होता, पण विक्री करणाऱ्यांना तो आपलाच वाटावा असा होता.

१९९७ मध्ये सुरू झालेल्या सिक्सडिग्रीज या संकेतस्थळाने माणसांच्या ओळखींची साखळी प्रथमच सर्वसामान्यांना पडद्यावर दाखवली. त्या वेळी इंटरनेटवर पुरेशी ओळखीची माणसेच नव्हती, त्यामुळे ते फार काळ टिकले नाही; मात्र त्याच्या पेटंटला मोल होते. २००३ मध्ये लिंक्डइनचे एक संस्थापक रीड हॉफमन आणि उद्योजक मार्क पिंकस यांनी ते लिलावात ७ लाख डॉलरना विकत घेतले. तोवर २००१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत राइझ हे धंदेवाल्यांसाठीचे संकेतस्थळ निघाले होते. मे २००३ मध्ये हॉफमन आणि सहकाऱ्यांचे लिंक्डइन खुले झाले आणि त्याच वर्षी जर्मनीत ओपनबीसी सुरू झाले, ज्याला २००६ मध्ये झिंग हे नाव मिळाले. लिंक्डइनची सुरुवात अगदी मंद होती. काही दिवशी जेमतेम वीस नवे सदस्य येत.

लिंक्डइनच्या मूळ रचनेत मध्यस्थाला फार मान होता. तिसऱ्या पायरीवरच्या, म्हणजे परिचिताच्या परिचिताला ओळखणाऱ्या, अनोळखी खरेदीप्रमुखाशी बोलायचे, तर आधी आपल्या परिचिताला विनंती पाठवावी लागे, तो ती पुढच्याला देई आणि मग ती इच्छित व्यक्तीपर्यंत पोहोचे. वाटेत कोणीही ‘हे मला योग्य वाटत नाही’ म्हणून ती थांबवू शकत असे. थेट आमंत्रण पाठवले आणि समोरच्याने ‘मी यांना ओळखत नाही’ हे बटण दाबले, तर अशा काही नकारांनंतर पाठवणाऱ्याच्या खात्यावर निर्बंध येत. भिडेखातर चालणारा व्यवहारच यंत्रात बसवला होता, असे म्हणता येईल. विक्रेत्यांना ही चाल संथ वाटली आणि कोणाचेही आमंत्रण स्वीकारणाऱ्या, स्वतःला ‘लायन’ म्हणवणाऱ्या सदस्यांची एक जमातच तयार झाली. कनेक्शनची, म्हणजे संकेतस्थळावर जोडलेल्या ओळखींची, संख्या फुगली, पण त्यातल्या कोणाकडून एखाद्याची शिफारस मिळेल, ही खात्री उरली नाही.

मग संकेतस्थळाने स्वतःच मध्यस्थाची जागा घेतली आणि तिचे पैसे आकारले. ओळख नसलेल्याला थेट निरोप धाडण्याची सशुल्क सोय म्हणजे इनमेल. तिचा एक नियम बारकाईने पाहण्यासारखा आहे. आधी सात दिवसांत उत्तर आले नाही, तर खर्ची पडलेले इनमेल दुसऱ्या कोणाला पाठवण्यासाठी परत मिळे. म्हणजे एकच मजकूर शेकडो जणांना पाठवणाऱ्याचे काहीच बुडत नसे. जानेवारी २०१५ पासून नियम उलटा झाला : ९० दिवसांत उत्तर आले तरच इनमेल परत. सरसकट पाठवलेल्या निरोपांनी पेट्या भरल्याची ही एका परीने कबुलीच होती.

तरीही विक्री हे या संकेतस्थळाचे सावत्र अपत्यच राहिले. मे २०११ मध्ये लिंक्डइनचा शेअर ४५ डॉलरना विक्रीला येऊन पहिल्याच दिवशी ९४ डॉलरवर बंद झाला, तेव्हा उत्पन्नात सर्वांत मोठा वाटा नोकरभरतीच्या सेवांचा होता. विक्री करणाऱ्यांसाठी सेल्स नेव्हिगेटर हे स्वतंत्र साधन २०१४ मध्ये आले. ठेवलेल्या यादीतल्या माणसाने कंपनी बदलली की ते कळवते. जुना ग्राहक नव्या कंपनीत गेला, तर त्याच्यासोबत तिथे जाता येते आणि त्याच्या रिकाम्या खुर्चीवर कोण बसले, हेही शोधता येते. रोलोडेक्सला न जमलेले काम इथे जमते, कारण कार्ड ज्याचे असते तोच ते ताजे ठेवतो. याउलट २००४ मध्ये सुरू झालेल्या जिगसॉ या संकेतस्थळावर लोक इतरांची व्हिजिटिंग कार्डे भरून त्या बदल्यात दुसऱ्यांची मिळवत. सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीने २०१० मध्ये ती कंपनी सुमारे १४.२ कोटी डॉलरना घेतली. पण ज्याचे कार्ड आहे त्याला ते अद्ययावत ठेवण्याचे काहीच कारण नसल्याने मूळ दुखणे कायम राहिले.

कार्ड स्वतःहून ताजे राहू लागताच ते कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न उभा राहिला. २००८ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयात हेज स्पेशालिस्ट रिक्रूटमेंट या नोकरभरती कंपनीने आपल्या माजी कर्मचाऱ्याविरुद्ध अर्ज केला. नोकरीत असतानाच त्याने कंपनीच्या ग्राहकांना लिंक्डइनवर आमंत्रणे पाठवली आणि पुढे प्रतिस्पर्धी व्यवसाय थाटला, असे तिचे म्हणणे होते. लिंक्डइन वापरायला कंपनीनेच उत्तेजन दिले आणि आमंत्रण स्वीकारले गेले की पत्ता गोपनीय राहत नाही, असा त्याचा बचाव होता. न्यायालयाने संबंधित नोंदी दाखवण्याचा आदेश दिला. २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका खटल्यात प्रकार अधिक विचित्र होता. बडतर्फ केलेल्या संस्थापिकेच्या खात्याचा पासवर्ड कंपनीने बदलला आणि तिच्या प्रोफाइलवर नव्या प्रमुखाचे नाव व छायाचित्र चढवले, पण संस्थापिकेचे पुरस्कार तसेच राहू दिले. नावाचा अनधिकृत वापर झाल्याचे न्यायालयाने मान्य केले, मात्र नुकसानभरपाई म्हणून एक डॉलरही दिला नाही.

लिंक्डइनच्या वापरकर्ता कराराने यात दोन वाटे केले आहेत. मालक आणि कर्मचारी यांच्यात पाहता खाते त्या व्यक्तीचे; मात्र कंपनीने पैसे भरून घेतलेल्या साधनाचा प्रवेश आणि वापराचा अहवाल कंपनीच्या हाती. त्यामुळे विक्री प्रतिनिधी नोकरी सोडतो तेव्हा सेल्स नेव्हिगेटरमधल्या याद्या मागे राहतात, आणि कनेक्शन त्याच्याबरोबर पुढच्या कंपनीत जातात.