केशरी कोण, पिवळं कोण? ब्राझीलच्या खडकांवरचे दोन ‘सूर्य-प्रवाळ’

दोघांचे फोटो शेजारी ठेवले तरी नवख्याला ते एकच वाटतात. ब्राझीलचे लोकही दोघांना एकाच नावानं ओळखतात: ‘कोराल-सोल’, सूर्य-प्रवाळ. पण रिओजवळच्या इल्हा ग्रांदे उपसागरात बाहेरून येऊन ठाण मांडून बसलेल्या या जाती दोन आहेत, ट्यूबास्ट्रिया कॉक्सिनिया आणि ट्यूबास्ट्रिया टॅगुसेन्सिस. (अंगठीतल्या पोवळ्याशी यांचं काही नातं जोडू नका, ते खानदानच वेगळं.)

आधी रंग बघायचा. कॉक्सिनिया लालसर केशरी, टॅगुसेन्सिस पिवळं. पण गढूळ पाण्यात रंग दगा देतो, तेव्हा वाट्यांकडे बघावं. प्रत्येक पॉलिप, म्हणजे प्रवाळाचा एकेक छोटा जीव, साधारण सेंटिमीटरभर रुंद अशा चुन्याच्या वाटीत राहतो. कॉक्सिनियाच्या वाट्या बुटक्या नि एकमेकींना खेटलेल्या, त्यामुळे अख्खी वसाहत गच्च घुमटासारखी दिसते. टॅगुसेन्सिसच्या वाट्या नळ्यांसारख्या उंच निघालेल्या, मधे मोकळी जागा. दिवसा दोघंही बहुतेक मिटलेले, कळ्यांसारखे. अंधार पडला की स्पर्शिका पसरतात आणि खडकावर झेंडू फुलल्यासारखं दिसतं.

मूळ गावंही वेगळी. टॅगुसेन्सिसचं नाव गालापागोसच्या टॅगस खाडीवरून पडलं, १९८२ साली. कॉक्सिनिया हिंद-प्रशांत महासागरात दूरवर पसरलेलं. आपल्या अंदमानात ते परकं नाही, घरचंच आहे. कॅरिबियनमध्ये मात्र ते १९४०च्या दशकात पाहुणं म्हणून दिसलं. ब्राझीलमध्ये सूर्य-प्रवाळ आधी सापडलं ते १९८०च्या दशकात, समुद्रातल्या काम्पोस तेलक्षेत्रातल्या प्लॅटफॉर्मवर. तिथून पुढे किनाऱ्यावरच्या खडकांवर.

खरं सांगायचं तर नुकसानीच्या बाबतीत दोघांत डावंउजवं करण्यात फारसा अर्थ नाही. आपल्या डोक्यातलं प्रवाळ पेशींतल्या शैवालावर जगतं, म्हणून त्याला ऊन लागतं. या दोघांकडे तसं शैवालच नाही. ते पाण्यातले बारीक जीव पकडून खातात. त्यामुळे कपारीची सावली काय, जहाजाचं बूड काय, कुठेही चालतं. नावात सूर्य असून उन्हाची गरज नाही, ही गंमत. मुसिस्मिलिया हिस्पिडा या तिथल्या स्थानिक प्रवाळाला ते चिकटून वाढले, की स्पर्शाच्या जागी त्याची पेशीजालं मरायला लागतात.

म्हणून दोघांनाही खडकावरून काढतात. हे काम छिन्नी-हातोडीनं. पाणबुडे वसाहत उखडतात, पण हात आवरून: तुटलेल्या तुकड्यातूनही नवी वसाहत उभी राहते आणि खडकावर मांस राहिलं तर तिथूनही. म्हणून तुकडे वेचून पिशवीत भरून वर आणावे लागतात. वर आल्यावर उपाय साधा आहे. गोड्या पाण्यात बुडवून ठेवलं, की केशरी असो वा पिवळं, काही तासांत खलास.