नोकरीवरून काढलं तर ट्रायब्युनलपर्यंत कसं पोचायचं

आमच्याकडे येणारे बरेच जण आल्या आल्या विचारतात, केस कधी टाकायची? थांबा, त्याच्या आधी लेबर ऑफिसमधल्या समेटाची एक पायरी आहे आणि नेमकी तीच राहून जाते.

कामगार-मालक वादांसाठी ट्रायब्युनल, म्हणजे न्यायाधिकरण, ही वेगळी सोय 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात झाली. पण एकट्या कामगाराला काढलं तर युनियन किंवा बाकीचे कामगार पाठीशी असल्याशिवाय ते प्रकरण तिथे जातच नव्हतं, 1965 च्या दुरुस्तीनंतर एकट्याचा वादही औद्योगिक वाद धरला जाऊ लागला. हा फार मोठा हक्क आहे, तो वाया घालवू नका. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून त्या जुन्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता 2020 लागू झालीय, तिच्यात ट्रायब्युनलवर दोन सदस्य असतात, एक न्यायिक आणि एक प्रशासकीय.

तर पहिली पायरी म्हणजे लेबर ऑफिसमधला समेट अधिकारी. तो दोघांना बोलावून तडजोड होते का बघतो, इथे वकील चालत नाही, बोलणी सुरू झाल्यापासून 45 दिवसांत त्याने रिपोर्ट द्यायचा असतो आणि नाहीच जमलं तर रिपोर्ट मिळाल्यापासून 90 दिवसांत तुम्ही थेट ट्रायब्युनलकडे अर्ज करू शकता. रिपोर्ट हातात पडला त्या दिवसाची तारीख त्यावरच लिहून ठेवा. आणि वाद सुरू होऊन दोन वर्षं उलटली की समेट अधिकारी प्रकरण घेऊच शकत नाही. मालक म्हणतो बघू, सीझन आला की परत घेतो, माणूस बिचारा वाट बघत बसतो आणि मुदत निघून जाते, असं होऊ देऊ नका हो.

हुद्दा सुपरवायझर असला म्हणून लगेच हताश होऊ नका, महिना 18,000 च्या वर पगार आणि काम खरंच देखरेखीचं असेल तर कामगार धरत नाहीत, पण कार्डावर काय छापलंय त्यापेक्षा रोज काय काम करत होता ते बघितलं जातं.

आता कागद. वर्षात 240 दिवस काम केलं तर ती वर्षभराची सलग नोकरी धरतात, पण ते सिद्ध करायची जबाबदारी कामगाराची, असं सुप्रीम कोर्टाने सांगितलंय. पगार स्लिप देत नसतील तर बँकेचं पासबुक, पीएफचं पासबुक, ईएसआयसी कार्ड, गेटपास, हजेरीचे फोटो, 'उद्यापासून येऊ नको' असा व्हॉट्सॲप मेसेज, जे असेल ते घेऊन या. मेसेज डिलीट करू नका, नुसता स्क्रीनशॉट नको, तो फोनच जपून ठेवा. मालकाने दिलेली शिक्षा ट्रायब्युनलला जास्त वाटली तर ती कमी करता येते, कामावर परत घ्यायचा आदेशही देता येतो, पण त्यासाठी समोर काहीतरी पुरावा पाहिजे ना.

आणि हिशोब देताना कोऱ्या कागदावर किंवा छापील राजीनाम्यावर सही मागितली तर करू नका, घरी नेऊन वाचतो म्हणा आणि आधी आम्हाला दाखवा.